आठवं अक्षर

कार्ड तिनं चार घड्या घालून परत दिलं.

मुलांच्या वॉर्डाबाहेर, जिन्याखाली एक लोखंडी बाकडं होतं. त्यावर ती रात्रभर बसून होती. पायाशी कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात मुलानं न खाल्लेला मऊ भात. मुलगा नऊ वर्षांचा, रक्ताचा कर्करोग, आणि त्या रात्री तीननंतर ताप उतरायचं नाव घेत नव्हता. आदल्या दुपारी मी तिच्या हातात ते कार्ड ठेवलं होतं. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या घरात वचनपेटी असते. लहानशा पेटीत पवित्र शास्त्रातल्या वचनांची कार्डं असतात, सकाळी एक काढायचं आणि दिवसभर मनात धरायचं. माझ्या पेटीतलं सगळ्यांत मळलेलं कार्ड विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं. देवाची दया आटत नाही, दिवस उजाडला की ती पुन्हा ताजी असते, असा त्याचा आशय. किती जणांच्या हातात मी ते ठेवलं असेल, याची मोजदाद नाही.

“बाई,” ती म्हणाली, “रोज सकाळी नवं येतं म्हणता, ते दुखणंच येतं हो. काल पाठीत होतं. आज पायात उतरलंय.”

आवाजात राग नव्हता. मी विचारलं म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं आणि डब्याचं झाकण काढून भात आंबलाय का, ते वास घेऊन बघितलं. मला काही बोलता आलं नाही. तीन दिवसांनी मुलगा गेला. गावाकडची माणसं जीप घेऊन आली. ती माझ्यासमोरून गेली आणि पुन्हा कधी दिसली नाही. कार्ड माझ्याकडे राहिलं. घड्यांच्या रेघांवर छपाई उडाली होती.

मी अकरा वर्षं स्टाफ नर्स होते, आणि त्यानंतर एकवीस वर्षं त्याच इस्पितळात चॅप्लेन. चॅप्लेन हा शब्द रुग्णांच्या तोंडी बसत नसे. ते मला ‘प्रार्थनेच्या बाई’ म्हणत. बहुतेक रुग्ण हिंदू, काही मुसलमान, थोडे आमचे. उशाशी स्वामी समर्थांचा फोटो, मनगटावर काळा दोरा, आणि मी प्रार्थना करू का विचारलं की हात जोडत. कुणी नको म्हणे, त्याच्याजवळ नुसतं बसायचं, गावाचं नाव विचारायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं.

नर्सच्या हाताला काम असतं. सलाईन बदलायची, ड्रेसिंग करायचं, चादर ओढून सारखी करायची. चॅप्लेनचे हात रिकामे. त्या रिकाम्या हातांची मला भीती वाटत असे, म्हणून मी कार्ड देत होते. एकदा वचन दिलं की पुढच्या खाटेकडे जायला मी मोकळी. त्या आईनं कार्ड परत दिलं तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं, आणि ते कबूल करायला मला बरेच महिने लागले.

पुढच्या वर्षी पुण्यात पाळक आणि सेविकांसाठी हिब्रू भाषेचा वर्ग भरणार असल्याचं कळलं. मी नाव दिलं. कार्डावर दोन ओळी मावतात. त्या दोन ओळींच्या मागं-पुढं काय आहे, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आमचे सर वयस्कर होते. पहिले काही दिवस त्यांनी नुसती बावीस अक्षरं गिरवून घेतली, पहिलीतल्या पोरांकडून घ्यावीत तशी. उजवीकडून डावीकडे. ‘हे’ आणि ‘हेथ’ ही दोन अक्षरं मला फार छळत. दोन्ही दाराच्या चौकटीसारखी. ‘हे’ची डावी पट्टी वरच्या आडव्या पट्टीला टेकत नाही, मध्ये केसाएवढी फट राहते, ‘हेथ’ची चौकट मात्र पुरी जुळलेली. माझ्या हातून ती फट कधी बुजायची, कधी नको तिथं राहायची. सर वहीवर टिचकी मारून म्हणायचे, “बाई, फट बघा. फटीनं अर्थ बदलतो.”

सरांच्या टेबलावर पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल असे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. पुस्तक बाहेर आलं ते 1924 साली. हे सगळं मला आधी ठाऊक होतं, शब्बाथ शाळेत पाठ केलेलं होतं. पण विलापगीताचा दुसरा अध्याय वाचायला घेतला आणि त्या माहितीला धार आली. त्यात वेढ्यातली लहान मुलं आयांकडे खायला मागतात आणि मागता मागता त्यांच्याच मांडीवर प्राण सोडतात. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले होते, त्यांच्या डोळ्यांसमोर. अशा बाईनं त्या ओळींवर बसून मराठी शब्द शोधले असतील. मी बराच वेळ ते पान उलटू शकले नाही.

विलापगीतामागची घटना थोडक्यात सांगते. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेम पाडलं. वेढा सुमारे दीड वर्ष चालला. आधी अन्न संपलं, मग तटाला खिंडार पडलं. राजा सिद्कीया रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्यासमोर त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. महिन्याभरानं मंदिर जाळलं, माणसं बाबेलला हाकलत नेली. मागं जे उरलं, त्यातून ही पाच गीतं आली. परंपरा ती यिर्मया संदेष्ट्याची मानते, अभ्यासकांना तशी खात्री नाही. लिहिणाऱ्यानं ते दिवस पाहिले होते, एवढं मात्र वाचताना पटतं.

हिब्रूत या पुस्तकाचं नाव त्याच्या पहिल्या शब्दावरून पडलंय: एखा. एखा म्हणजे कसं. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात आम्ही तिघी बाया होतो, तिघींनी एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडे मयताच्या घरी बाया हेल काढतात तो ह्याच शब्दावर. कसं गं झालं. आता कसं गं करू. त्या ‘कसं’ला उत्तर नको असतं. हिब्रू शोकगीताच्या ओळीलाही असाच हेल आहे. अर्धी ओळ लांब, उरलेली आखूड. तीन ठोके, मग दोन. दम पुरत नाही, ओळ मध्येच बसते. मी ती मोठ्यानं म्हणून पाहिली तेव्हा हिब्रू शब्द निम्मेच कळत होते. हेल पूर्ण कळला.

मग सरांनी आम्हाला तिसरा अध्याय दिला आणि म्हणाले, भाषांतर नंतर, आधी प्रत्येक ओवीचं पहिलं अक्षर लाल पेन्सिलीनं रंगवून आणा. शंभरपानी वहीत मी तो उतरवून काढला. सहासष्ट ओव्या. पहिल्या तीन आलेफनं सुरू होतात, पुढच्या तीन बेथनं, मग गीमेल, दालेथ. पुस्तकाचा बहुतेक भाग असाच आहे: पहिली चार गीतं मुळाक्षरांच्या क्रमानं चालतात, आणि हे तिसरं तर प्रत्येक अक्षर तीनदा घेतं. म्हणजे त्या माणसानं आपलं दुःख क, ख, ग करत सांगितलंय. सर म्हणाले, काही सुटू नये म्हणून. मला आणखी एक वाटलं. ज्याच्या घराची, गावाची, देवळाची एक वीट जागेवर राहिलेली नाही, त्याच्यापाशी रांगेत उभं असलेलं एवढंच उरलं होतं, लहानपणी गिरवलेली अक्षरं. त्यांच्या काठीनं तो चालतोय.

सहावं अक्षर वाव. तिथं तो पार तळाला जातो. दात खड्यांवर फुटलेत, सुख कशाला म्हणतात ते आठवत नाही, देवाकडून काही आशा होती तीही गेली. सातवं जायिन, तिथं नुसती आठवण, कडू वनस्पतीची चव असलेली. आणि आठवं हेथ. चौकट जुळलेलं. लाल पेन्सिल त्या अक्षरावर आली तेव्हा तो शब्द मी ओळखला. हेसेद. माझं कार्ड तिथून सुरू होतं.

हेसेदला मराठीत एकच शब्द पुरत नाही. दया आहे, पण वरून खाली टाकलेली नाही. ज्याच्याशी नातं जोडलंय त्याला अडचणीत न सोडणं, शब्द पाळणं, हे सगळं त्यात येतं. पण माझं मन दुसऱ्याच गोष्टीवर अडकलं. त्या माणसाला आशा दिसली म्हणून तो हेथपाशी आला, असं नाही. जायिन संपलं आणि पुढचं अक्षर हेथ होतं, म्हणून तो तिथं आला. एकवीस ओव्या ओढून आणल्यावर. त्या एकवीस ओव्यांत देव त्याच्यासाठी दबा धरून बसलेलं अस्वल आहे, सिंह आहे, त्यालाच नेम धरून मारणारा धनुर्धारी आहे. हे सगळं त्यानं देवाच्या तोंडावर म्हटलंय, आणि शास्त्रानं ते जपून ठेवलंय. मी त्या आईला सातही अक्षरं ओलांडून एकदम आठव्यावर आणून बसवलं होतं. तिचं आलेफसुद्धा म्हणून झालं नव्हतं.

हेसेदच्या त्याच ओवीत एका अक्षराचा घोळ आहे. मूळ हिब्रू पाठात क्रियापद असं आहे की आम्ही संपलो नाही, असा अर्थ होतो. जुन्या अरामी आणि सिरियाक भाषांतरांमागचा पाठ धरला तर दया संपत नाही, असा होतो. फरक एका ‘नून’चा. अभ्यासकांपैकी बरेच जण दुसरा पाठ घेतात आणि त्यांची कारणं चांगली आहेत. मला पहिला जवळचा वाटतो. वॉर्डात सकाळी सहाला राऊंड घेताना जे दिसतं ते तेवढंच असतं. रात्र गेली, पाच नंबरच्या आजी आहेत. संपल्या नाहीत. दयेबद्दल अजून कुणी काही बोललेलं नसतं.

आणि आशा सापडली म्हणून अध्याय तिथं थांबत नाही. कार्डावरून कुणालाच हे कळत नाही. थोडं पुढं तो म्हणतो, तोंड धुळीला लावावं, कदाचित आशा असेल. कदाचित! हिब्रूत ‘उलाय’. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला केवढा धीर आला. शास्त्रात ‘कदाचित’ला जागा आहे. त्याच ओवीत आशेसाठी जो शब्द आहे, ‘तिक्वा’, तो यहोशवाच्या पुस्तकात राहाबेच्या खिडकीतल्या किरमिजी दोरीलाही वापरलाय. दोर. धरायची वस्तू. मग तेहेतिसावी ओवी, सहासष्टांतली बरोबर अर्ध्यावरची: देव माणसाला दुःख देतो ते मनापासून देत नाही, असं तिचं म्हणणं. आणि त्यानंतर पुन्हा ढग येतो, प्रार्थना आरपार जाऊ नये म्हणून देवानं पांघरलेला. पुन्हा विहीर, वरून पडणारे दगड, डोक्यावरून गेलेलं पाणी. दया अध्यायाच्या मध्यावर आहे. तिच्या अलीकडेही रडणं आहे आणि पलीकडेही.

एक ओवी मी वर्गात मोठ्यानं वाचू शकले नाही. तिसऱ्या अध्यायात हेसेदच्या जोडीला देवाच्या दयेसाठी आणखी एक शब्द येतो, ‘रहमीम’. त्याची नाळ ‘रेहेम’शी आहे, रेहेम म्हणजे गर्भाशय. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘रहम’ त्याच कुळातला. देवाची दया पोटातून येते, आईच्या पोटातून, असं हा शब्द सांगतो. आणि चौथ्या अध्यायाच्या दहाव्या ओवीत तोच धातू पुन्हा येतो, बायकांसाठी. कोवळ्या मनाच्या, रहम असलेल्या बायकांनी वेढ्याच्या उपासमारीत आपल्याच मुलांना शिजवलं. एका अध्यायाच्या अंतरानं कवी तेच कूळ वापरतो. त्याला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. जगात ज्या दयेवर आपण डोळे मिटून विसंबतो ती आईची. तीही मोडताना त्यानं पाहिली, आणि तरी देवाच्या दयेसाठी त्याला दुसरा शब्द मिळाला नाही. मिळाला नाही, की त्यानं मुद्दाम घेतला नाही, यावर मी अनेक वर्षं विचार केलाय. आज मला वाटतं, मुद्दाम. मोडलेला शब्द त्यानं देवापुढं नेऊन ठेवला. हा बघ, तुझाच.

ती ओवी वाचताना मला बाकड्यावरचा भात दिसत होता.

पुण्याहून परतल्यावर मी कार्डं देणं बंद केलं. कुणी मागितलं तर द्यायची, आपण होऊन नाही. त्याऐवजी बसायला लागले. कुणी दुःख सांगायला लागलं की मध्ये ‘पण देव आहे ना’ असं घालायची जुनी सवय होती, ती मोडायला वेळ लागला. मी एवढंच विचारायचे, “पुढं?” कधी कधी तासभर ‘पुढं’ चालायचं. अशा माणसांपैकी कितीतरी जण शेवटी आपणहून म्हणायचे, बाई, आता प्रार्थना करा. काही म्हणायचे नाहीत.

आमच्या सर्जिकल वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या होत्या, मूळ रेवदंड्याकडच्या, घरात मराठीच. बहीण इस्राएलमध्ये स्थायिक. माझ्या हिब्रूच्या वहीचं त्यांना फार कौतुक. त्या स्वतः प्रार्थना हिब्रूत म्हणत, पण अर्थ त्यांना आजीनं मराठीत सांगितलेला. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला त्या रजा टाकत. पहिलं मंदिर बाबेलच्या सैन्यानं जाळलं आणि दुसरं इ.स. 70 मध्ये रोमनांनी, त्या दोन्हींचा हा कडक उपास. कोकणातल्या बेने इस्रायलींत त्याला बिरड्याचा सण म्हणायची रीत होती, त्या दिवसाला जोडून वालाच्या बिरड्याचं जेवण असे म्हणून. सिस्टरांनी मला सांगितलं, त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये दिवे मंद करतात, लोक जमिनीवर बसतात, एकमेकांना शालोमही म्हणत नाहीत, आणि अख्खं एखा हेल काढून वाचतात.

“शेवट कसा करता?” मी विचारलं. पाचवं गीत मला सलत होतं. त्यात बावीस ओव्या आहेत, अक्षरांएवढ्याच, पण अक्षरांचा क्रम नाही. काठी हातातून सुटलेली. आणि शेवटची ओवी देवाला विचारते की तू आम्हाला कायमचं टाकलंस का. उत्तर येत नाही. पुस्तक संपतं.

सिस्टर म्हणाल्या, “शेवटची वाचतो आणि मग तिच्या आधीची सगळे मिळून पुन्हा म्हणतो. आम्हाला परत फिरव, अशी आहे ना, ती. तशीच सोडून कसं उठायचं?” मग औषधांच्या ट्रॉलीवरचा हिशेब लिहिता लिहिता म्हणाल्या, “पण शेवटची गाळत नाही हं. आधी ती वाचायचीच.”

त्यांनीच मला सांगितलं की नवमीनंतरच्या शब्बाथाला यशयाचा चाळिसावा अध्याय वाचतात आणि तो दिवस ‘नहमू’चा म्हणून ओळखला जातो. नहमू म्हणजे सांत्वन करा. मी वही उघडून बघितलं. एखाच्या पहिल्या अध्यायात सांत्वन करणारा कुणी नाही, हे गाऱ्हाणं पाच वेळा आलंय, जवळजवळ त्याच शब्दात. त्याचं उत्तर दुसऱ्याच पुस्तकात आहे. मधला काळ लोकांनी बाबेलमध्ये काढला. एखामध्ये देवाच्या तोंडचं म्हणून एकच छोटं बोलणं आहे, तेही कवीला आठवलेलं, विहिरीच्या तळाशी: भिऊ नकोस, एवढंच. बाकी पाचही गीतं देव ऐकून घेतो. माझ्या कामाचं मला जे काही कळलं, त्यातलं बरंच मी ह्या गप्प राहण्यातून शिकले.

गुरुजी आले ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जिभेचा कर्करोग, जीभ काढलेली, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवलेली, नाकातून राईल्स ट्यूब. बोलता येत नव्हतं. नातीची पाटी आणि पेन्सिल उशाशी असे. अक्षर वळणदार, शिरोरेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी लिहिलं, “तुमच्या देवाकडे तक्रार चालते का?”

मी म्हटलं, चालते. आणि मग त्यांना एखाची गोष्ट सांगितली, अक्षरांची. मास्तर माणूस; डोळे चमकले. हेथ कसं काढतात ते विचारलं. मी पाटीच्या कोपऱ्यात काढून दाखवलं. त्यांनी शेजारी लिहिलं, “चौकट.” मग ओल्या फडक्यानं पाटी पुसली, आणि वर मोठा ‘क’ काढला. क, कर्करोग.

रोज मी दुपारी जायचे तेव्हा ते दोन-तीन अक्षरं पुरी करत. एकेका अक्षराला एक शब्द, फार तर एक ओळ. वाचून झालं की मी मान हलवायची, ते पुसायचे. ख, खोकला. ग, गाणं, शाळेत प्रार्थना मीच सांगायचो. घ, घर, कुलूप लावून आलोय. च, चव. ज, जीभ, त्यापुढं काही नाही. ट, टाके. ठ, ठणका. हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला. त, तहान. थ, थुंकी गिळता येत नाही.

‘द’चा दिवस आला तेव्हा, खरं सांगते, मी मनातून वाट बघत होते. द काढलाय, आता ते दया लिहितील. मी काही बोलले नाही. त्यांनी पेन्सिल टेकवली, थांबले, आणि लिहिलं: “दूध. सून दोनदा गाळते.”

सून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नळीतून घालायच्या दुधात सायीचा कण राहिला तर नळी तुंबते, मग नळी बदलावी लागते आणि गुरुजींना ठसका लागून जीव नकोसा होतो. म्हणून ती आधी गाळण्यातून आणि मग मलमलीच्या फडक्यातून दूध गाळायची, दिवसातून सहा वेळा. तिला कुणी दोनदा गाळायला सांगितलं नव्हतं. पाटी वाचून ती वळली आणि फडकं धुवायला नळाकडे गेली. बराच वेळ नळ चालू होता.

गुरुजींनी ती ओळ लगेच पुसली नाही. मी जाईपर्यंत ठेवली. दुसऱ्या दिवशी ‘ध’ काढला. ध, धाप. न, नळी. प, पत्नी, पुढं गेली. फ, फळा.

मधे रविवार आला. सोमवारी मी गेले तर खाट रिकामी, गादी गुंडाळलेली, सून खाली बिलाच्या खिडकीपाशी मुलाची वाट बघत बसलेली. पहाटे गेले म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. काही वेळानं तिनं पिशवीतून पाटी काढली आणि माझ्यापुढं धरली. पाटीवर ‘भ’ होता. शिरोरेघ जराशी वाकडी. त्यापुढं काही नव्हतं.

“बाई, काय लिहायचं असंल?”

“माहीत नाही गं,” मी म्हटलं.

“भाकरी असंल,” ती म्हणाली. “लई आवडायची त्यांना. ज्वारीची, कडक.”

तिनं पदराचं टोक ओलं केलं, पाटीजवळ नेलं, आणि थांबली. मग पिशवीत गाळण्यावर मलमलीचं फडकं पसरलं आणि अक्षर पुसलं जाणार नाही अशा बेतानं पाटी त्यावर उताणी ठेवली.